वेचणीचा हिशोब चुकला तेव्हा

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझं वय 44. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमचं गाव. सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. आधार कार्डावर त्यांचं वय 69 आहे, खरं किती ते त्यांनाही माहीत नाही.

सासूबाई एक अक्षर शिकल्या नाहीत. पण वेचणीला दहा-बारा बाया असल्या तरी कोणाचे सोमवारी किती किलो, मंगळवारी किती, सगळं तोंडपाठ. बाजाराच्या दिवशी चुकारे करताना कधी एका किलोचा फरक पडला नाही. या दिवाळीत त्यांनी एकीला दोनदा पैसे दिले आणि दुसरीला म्हणाल्या, 'तू आलीच कुठं होती?' ती बाई रडत घरी गेली.

थोडं विसरणं मागच्या वर्षापासून होतंच, पण गेल्या दीड-दोन महिन्यांत फार वाढलं. चालताना एक पाय ओढतात. भरदुपारी झोपतात, रात्री उठून दाराची कडी काढतात. गावातल्या डॉक्टरांनी आठ दिवसांपासून झोपेची गोळी दिली आहे, तेव्हापासून तर गुंगीतच असतात. ऐकायला आधीपासून कमी येतं. पोळ्याच्या वेळी गाडीवरून पडल्या होत्या, पण नुसतं टेंगूळ आलं, हळद लावली, दोन दिवसांत बऱ्या झाल्या.

दीर म्हणतात, 'वय झालं का होतेच बाप्पा, तिले कायले दवाखान्यात नेता?' सासूबाईंची आईसुद्धा शेवटी अशीच चळली होती म्हणतात. आता मला मालकांची काळजी वाटते. ते 49 वर्षांचे आहेत. बीपी निघाला, गोळी महिनाभर घेतली, बरं वाटलं म्हणून सोडली. दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार-पाच खर्रे होतात. घराण्यातच आहे तर त्यांचंही ठरलेलंच का? मोबाईलवर सांगतात की हा आजार 45 टक्के टाळता येतो. म्हणजे काय? बाजारात एक जण बुद्धीचं चूर्ण विकतो, 1,800 रुपयांचा डबा. घेऊ का? मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. बायांना काय सांगू?

– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

*

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलं आहे. पोळ्याच्या वेळी सासूबाई गाडीवरून पडल्या आणि टेंगूळ आलं. माझं बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण या एका वाक्यासाठी त्यांना उद्याच यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात घेऊन जा. तिथं गेल्यावर पहिलं हेच सांगा, की डोक्यावर पडल्या होत्या, काही आठवड्यांनी पाय ओढायला लागल्या आणि वागणं बदललं. विसरतात, हे नंतर सांगा. आधी 'विसरतात' म्हटलं की ऐकणाऱ्याचं मन वयाकडे जातं. माझंही गेलं असतं.

जुन्या भुईमुगाच्या शेंगेत दाणा सुकून खुळखुळतो ना, तसा म्हातारपणी मेंदू कवटीत जरा आकसलेला असतो. मेंदूवरून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. साधा धक्का बसला तरी त्यातली एखादी फुटते. रक्त भळाभळा वाहत नाही, थेंबाथेंबानं झिरपतं. म्हणून माणूस दोन दिवसांत 'बरा' दिसतो आणि महिना-दीड महिन्यानं साचलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर पडायला लागतो. मग दिवसा गुंगी, एका बाजूचा पाय ओढणं, बोलण्यात घोटाळा, कधी डोकेदुखी, कधी उलटी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका अजून वाढतो, तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे दिसतं. तसंच निघालं, तर बहुतेक वेळा कवटीला छोटं भोक पाडून साचलेलं रक्त काढतात, आणि खाटेवर आलेला माणूस चालत घरी जातो. हे मी पाहिलं आहे. त्याच आजाराच्या माणसाला 'म्हातारचळ' म्हणून ओसरीवर टाकून ठेवलेलंही पाहिलं आहे.

झोपेच्या गोळीचं त्याच डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि ती बंद करून घ्या. डोक्याला मार लागून गेलेल्या, आधीच गुंगीत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती देणं म्हणजे घर धुरानं भरलेलं असताना खिडकी लावून घेणं. सर्दी-खाजेसाठी मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या काही गोळ्याही या वयात डोकं गढूळ करतात. तेही दाखवा.

तिथंच रक्त तपासून घ्या. बी-12, थायरॉईड, साखर, सोडियम, हिमोग्लोबिन. सासूबाई माळकरी असतील, अंडं-मटण कधी खाल्लं नसेल, तर बी-12 कमी निघण्याची शक्यता बरीच. तो कमी असला तरी माणूस विसरतो, चिडतो, पायांना मुंग्या येतात. इंजेक्शनं सुरू झाली की फरक पडतो. थायरॉईडचंही तसंच.

हे सगळं नीट निघालं, किंवा नीट करूनही विसरणं राहिलं, तर मग डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराचा विचार. मागच्या वर्षापासूनचं हळूहळू वाढणारं विसरणं तुम्ही लिहिलं आहे, ते मी डोळ्याआड करत नाही. पन्नास वर्षं तोंडी हिशोब ठेवणाऱ्या बाईचा हिशोब चुकणं ही चष्मा कुठं ठेवला हे विसरण्यासारखी गोष्ट नाही. एकीला दोनदा पैसे दिले हे एकवेळ ठीक. पण आठवडाभर शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या बाईला 'आलीच नव्हती' म्हणणं, हे तपासायलाच हवं. दवाखान्यात डॉक्टर आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, एक वाक्य लिहा, असं विचारतील. तेव्हा बाजूला उभं राहून सांगा की आई शाळेत गेलेल्या नाहीत. शिकलेल्यांसाठी बनवलेल्या परीक्षेत न शिकलेला माणूस धडधाकट असूनही नापास होतो. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये अभ्यास करताना संशोधकांना हीच अडचण आली, तेव्हा त्यांनी निरक्षर लोकांसाठी हिंदीत वेगळी प्रश्नावली बनवली. तुम्ही तर वेचणीचं उदाहरणच सांगा. त्याहून चांगली परीक्षा कुणाला सुचणार नाही.

आता कान. माझ्या आईचं सांगते. तिला 'जेवायला काय करू?' विचारलं की ती म्हणे, 'हो.' 'भाजी कोणती?' 'झोपले होते मी.' मी डॉक्टर असून वर्षभर घरात सगळ्यांना सांगत होते की आईचं सुरू झालंय. एकदा माझ्या भाच्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारलं, आणि तिनं शेजारणीच्या सुनेचं माहेर, तिच्या रुखवतातली भांडी आणि कोणत्या परातीला पोचा होता, इथपर्यंत सगळं सांगितलं. दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला होता, आणि त्याच्यामागे बहिरेपण. मशीन लावल्यावर शेवटपर्यंत ती माझ्या चुका मोजत होती.

तेव्हा सासूबाईंचे कान नाक-कान-घसा विभागात दाखवल्याशिवाय परत येऊ नका. कमी ऐकू येण्याचा आणि डिमेन्शियाचा संबंध आता चांगलाच पक्का झाला आहे. कान साथ देईनासे झाले की माणूस बोलण्यातून उठून जातो. ओट्यावर बसायला जात नाही, कीर्तनात झोपतो, घरात कुणी काही सांगत नाही. डोक्याला कामच उरत नाही. मशीननं किती फरक पडतो, हे अमेरिकेत सत्तरीच्या वरच्या जवळजवळ हजार लोकांवर तीन वर्षं पाहिलं. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर मोठा फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धी उतरण्याचा वेग जवळपास निम्मा झाला. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना अशा साधनांसाठी 3,000 रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि मशीन आणलं की ते डबीत, डबी कपाटात, असं करू नका. पहिले काही आठवडे त्यांना भांड्यांचा आवाजसुद्धा कानठळ्या बसवेल. रोज तासभर, मग दोन तास, अशी सवय लावा.

आता मालकांचं. ठरलेलं नाही. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलांचा धोका काहीसा वाढतो, एवढंच. थेट वारशानं, बापाकडून मुलाकडे सातबाऱ्यासारखा येणारा अल्झायमर (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) शंभरात एकालाही नसतो, आणि तो साठीच्या आधीच, कधी चाळिशीतही सुरू होतो. सासूबाईंच्या आईची गोष्ट तशी वाटत नाही.

मोबाईलवरचा 45 टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ व्हिडिओत कुणी नीट सांगत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगानं 2017 मध्ये नऊ कारणं मोजली, 2020 मध्ये बारा आणि 2024 मध्ये चौदा. ही चौदाही कारणं जगातून पूर्ण नाहीशी झाली, तर जगातले डिमेन्शियाचे सुमारे 45 टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल, असा तो हिशोब. हा आकडा लोकसंख्येचा आहे, एका माणसाचा नाही. तुमच्या मालकांनी सगळं केलं तर त्यांचा धोका 45 टक्के कमी होईल, असं त्यातून निघत नाही.

2017 चा हंगाम आठवा. गुलाबी बोंडअळीनं अख्खी कपाशी खाल्ली होती. तेव्हापासून कृषी सहायक येऊन सांगतात की फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवू नका, पऱ्हाट्या, म्हणजे वाळलेली झाडं, वेळेत काढा, कामगंध सापळे लावा. अख्ख्या शिवारानं ऐकलं तर तालुक्यात अळी किती घटेल हे सांगता येतं. तुमच्या दोन नंबरच्या वावरातली कोणती बोंडं वाचतील हे नाही सांगता येत. सगळं करूनही एखाद्याच्या वावरात अळी पडते, फरदड ठेवणारा एखादा वाचतो. म्हणून सापळे खोटे ठरत नाहीत. अळी बांध ओलांडून येते, हा आजार येत नाही, तेवढाच फरक. हे लक्षात ठेवायचं दुसरं कारण असं, की ज्यांच्या घरी हा आजार आला त्यांना उद्या कुणी म्हणायला नको, 'तुम्हीच काळजी घेतली नाही.' सासूबाईंनी काही चुकीचं केलेलं नाही.

आपल्याकडे हा आजार किती आहे, तर देशभर साठीच्या वरच्यांची पाहणी झाली, तिचे आकडे 2023 मध्ये आले. शंभरात 7.4 जणांना डिमेन्शिया, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. तुमच्या गावात साठीच्या वरची दोनशे माणसं धरली तर चौदा-पंधरा जण होतात. बचत गटाच्या बैठकीत बसून मोजा. दोन-तीनच नावं आठवतील. बाकीच्यांना आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून दिलेलं असतं.

त्या 45 पैकी 30 मधल्या वयातल्या कारणांचे आहेत. म्हणजे सासूबाईंच्या नाही, तुमच्या आणि मालकांच्या वयातल्या. म्हातारपणी काय करायचं हे सगळे विचारतात. वावरात पीक उभं असतं तेव्हाचं कुणी विचारत नाही.

आधी बीपी. 'बरं वाटलं म्हणून गोळी सोडली' हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा ऐकलं असेल. बरं वाटलं ते गोळीनं. एकदा निंदलं म्हणजे तण पुन्हा येत नाही का? चाळिशीनंतर वरचा आकडा 130 च्या आसपास किंवा त्याखाली ठेवावा, असं आयोग सांगतो. 140-150 वर 'चालते' म्हणणारे गावोगाव आहेत. नाही चालत. ज्या बारीक नळ्या मेंदूला रक्त पुरवतात त्या जास्त दाबानं वर्षानुवर्षं घासल्या जातात आणि बंद पडत जातात, ठिबकची नळी क्षारानं बुजत जाते तशा. दुखत काही नाही, म्हणून कळत नाही.

हे खेड्यात करता येतं का, तर येतं, आणि ते मोठ्या डॉक्टरांनी नाही करून दाखवलं. चीनच्या ग्रामीण भागात 326 गावांतल्या सुमारे 34 हजार लोकांवर हा प्रयोग झाला. निम्म्या गावांत तिथल्या गावडॉक्टरांना शिकवलं, औषधं दिली, बीपी 130/80 च्या खाली येईपर्यंत पायरीपायरीनं गोळी वाढवायला सांगितलं. बाकीच्या गावांत नेहमीसारखं चालू ठेवलं. चार वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गावांमध्ये डिमेन्शिया 15 टक्के कमी. हे लोकही फारसे शिकलेले नव्हते, बहुतेकांचं शिक्षण प्राथमिकपर्यंत. मी हा निकाल वाचला त्या दिवशी मला आपली उपकेंद्रं आठवली. 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी नवी पाटी लागलेलं तुमचं उपकेंद्र असेलच. तिशीवरच्या सगळ्यांचा बीपी आणि साखर तिथं तपासतात, बीपीची गोळी फुकट मिळते. आशाताई अर्ज भरून घ्यायला घरी येतात तेव्हा मालक वावरात असतात, हीच खरी अडचण. तेव्हा महिन्यातून एकदा तुम्हीच त्यांना तिथं न्या आणि आकडा कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात.

बीपी पाहतानाच कोलेस्टेरॉलही. आयोगाच्या यादीत कान आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, हे दोन्ही सात-सात टक्क्यांवर, सगळ्यात वर आहेत. गावात साखर सगळे तपासतात, हे कुणी तपासत नाही, कारण बारीक माणसाला ते नसतं असा समज आहे. बारीक माणसालाही असतं. चाळिशीनंतर एकदा तपासा, वाढलेलं निघालं तर गोळी स्वस्त आहे.

खर्ऱ्याचं खरं सांगते. यादीत विडी-सिगारेट आहे, खर्रा नाही. पण प्रत्येक खर्ऱ्यागणिक तंबाखू त्यांचा बीपी काही वेळ वर चढवते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा हिशोब वेगळाच. पानठेल्यावर पन्नीवर खर्रा घोटून होईपर्यंत जी दहा मिनिटं गप्पा होतात, त्यांची खरी ओढ असते, असं मला वाटतं. एकदम सोडा म्हणून ऐकणार नाहीत. पाचाचे तीन करा, आणि पन्नीतला निम्मा उद्यासाठी ठेवायची सवय मोडा, तो रात्री संपतोच. दारू यादीत आहे. मोहाची असो की बाटलीची, डोक्याला फरक कळत नाही.

व्यायामही यादीत आहे. वेचणीला दिवसभर वाकणाऱ्या बाईला व्यायाम सांगायची माझी हिंमत नाही. दोन शेतं ओलांडायलासुद्धा गाडी काढणाऱ्या मालकांना मात्र सांगते. चाला.

डोक्याचा मार तुम्ही घरातच पाहिला. बाई मागे एका बाजूनं बसलेली, हातात पिशवी, मांडीवर नातू, आणि रस्त्यात न रंगवलेला गतिरोधक. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या बायांपैकी कितीतरी अशाच पडलेल्या असत. पुढे-मागे दोघांनाही हेल्मेट असावं, असा कायदा आहे. मागे बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर मी तो आपल्या भागात क्वचितच पाहिला.

आणि चूल. घरात सिलिंडर असतो, पण तो चहापुरता. भाकरी चुलीवर, आणि चुलीत पऱ्हाट्या. पऱ्हाट्या फुकटच्या, हे मला माहीत आहे. पण कपाशीवर वर्षभर काय काय फवारलेलं असतं तेही तुम्हाला माहीत आहे. धुराचे बारीक कण फुप्फुसातून रक्तात जातात, हवेचं प्रदूषण यादीत तीन टक्क्यांवर आहे. किमान चूल बाहेर पडवीत आणा, आणि बाळ मांडीवर घेऊन फुंकणीनं फुंकू नका.

साखर, वजन, कमी दिसणं हेही यादीत आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं, सासूबाईंचे डोळे त्याच फेरीत दाखवून घ्या.

मनाचं मात्र पटकन सोडून देऊ शकत नाही. मधल्या वयातली उदासी यादीत आहे, आणि म्हातारपणचं एकटेपण पाच टक्क्यांवर, म्हणजे बीपीच्या दुपटीपेक्षा जास्त. कर्जाच्या वर्षात गप्प झालेला माणूस 'कामाला लागला' की बरा होईल असं घर समजतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फोन मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि एकटेपणाचं म्हणाल तर पोरं पुण्याला गेल्यावर म्हातारी माणसं टीव्हीपुढे बसतात, टीव्ही काही त्यांना परत विचारत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आपल्याकडे अनेक गावांत अजून होते. तुमच्या गावात बंद पडली असेल तर गटानं सुरू करा. श्रद्धेसाठी म्हणून नाही सांगत. रोज संध्याकाळी वीस माणसं एका ठिकाणी बसतात आणि कोण आलं नाही ते लगेच कळतं.

चूर्ण घेऊ नका. डिमेन्शिया टाळण्यासाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तसली पूरकं घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगून ठेवलं आहे. तिथं निदान पाकिटात काय आहे ते छापलेलं असतं. बाजारातल्या डब्यावर काय छापलंय? अशा काही चूर्णांमध्ये शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं मेंदूलाच खातं. 1,800 रुपयांत आयएसआय मार्कचं एक चांगलं हेल्मेट येतं.

बचत गटाचं विचारलंत. बायांना चौदा कारणं सांगत बसू नका, दोन बैठकींनंतर कुणी येणार नाही. दोन कामं घ्या. गटातल्या प्रत्येकीनं आपल्या आणि नवऱ्याच्या बीपीचा आकडा दर महिन्याच्या बैठकीत सांगायचा, हप्त्याच्या आकड्यासोबत. हप्ता थकला की तुम्ही घरी जाता ना, गोळी थकली तरी जा. आणि गावातल्या साठीवरच्या प्रत्येक माणसाच्या कानाची तपासणी. आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सोबत घ्या. मागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्यायचं आणि पाहायचं, एवढ्यानंही सुरुवात होते.

तिसरं एक आहे, ते गटाचं नाही, घराचं. मुलींना शाळेतून काढू नका. कमी शिक्षण हे यादीतलं बालपणातलं एकमेव कारण, आणि भारतासाठी त्याचं वजन मोठं आहे. नऊ कारणांचा हिशोब होता तेव्हा जगासाठी आकडा 35 टक्के होता आणि भारतासाठी 41 निघाला होता. लहानपणी डोक्याला जितकं काम मिळतं तितकी म्हातारपणासाठी शिल्लक राहते. शाळेबाहेरही हे घडतं. हैदराबादमध्ये 648 रुग्ण पाहिले तेव्हा दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया साडेचार वर्षं उशिरा झाल्याचं दिसलं, न शिकलेल्यांमध्येही. तुमच्या भागात तांड्यावरची बंजारा माणसं घरात गोरमाटी, बाजारात मराठी आणि एसटीत हिंदी बोलतात. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

सासूबाईंचं पुन्हा. यवतमाळहून आल्यावर, निदान काहीही निघालं तरी, त्यांना वजनकाट्यापासून उठवू नका. 'राहू दे आई, मी करते' म्हणाल तर चूक टळेल, पण त्यांचं एकमेव ऑफिस बंद होईल. तुमच्या मुलीला किंवा मुलाला वही घेऊन शेजारी बसवा. काटा सासूबाईंनी पाहायचा, बाईचं नाव आणि किलो त्यांनी मोठ्यानं म्हणायचे, नातवंडानं लिहायचे. चुकारे वहीवरून. आणि त्या रडत गेलेल्या बाईचे पैसे आधी नेऊन द्या, सासूबाईंना सोबत घेऊन.

सीटीचा रिपोर्ट आला की कळवा. उद्या म्हणजे उद्याच, वेचणी संपल्यावर नाही.